तपासनीस क्रमांक तीन

“शून्यराव, खुर्ची घेऊन ये इकडे. आणि तो कप तिथेच ठेव, सांडशील.”

बाईंनी खुर्चीसकट बोलावलं की समजायचं, काम दोन मिनिटांचं नाही. मी कप ठेवला आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. सोमवारचे साडेदहा वाजले होते. हेल्पडेस्कला आलेला एक मेल स्क्रीनवर उघडा होता आणि बाई तो दुसऱ्यांदा वाचत होत्या. आलेला प्रत्येक मेल त्या दोनदा वाचतात. आम्ही बाकीचे अर्धाच वाचतो आणि उत्तर पूर्ण देतो.

मेल एका इस्पितळातल्या, आनुवंशिक आजारांचं बघणाऱ्या डॉक्टरचा होता. त्याच्याकडे तीस वर्षांची एक तरुणी होती. तिच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं होतं, आणि आमच्या साइटवर त्या बदलापुढे ‘घातक’ असं लिहिलेलं होतं. घातक म्हणजे कर्करोगाचा मोठा धोका. तिला रोग झालेला नव्हता, पण होऊ नये म्हणून गुरुवारी शस्त्रक्रिया करून अंडाशय काढून टाकायचे ठरले होते. डॉक्टरने घरातल्या इतरांचीही तपासणी केली, तर तिच्या आत्यामध्ये तोच बदल निघाला. आत्या ब्याऐंशी वर्षांची. ‘अजून धडधाकट आहे, जिना चढून मला भेटायला आली,’ असं त्याने लिहिलं होतं. आणि शेवटी: ‘तुमच्या ह्या नोंदीबद्दल तुमची किती खात्री आहे?’

“आता नोंद बघ,” बाई म्हणाल्या.

मी नोंद उघडली. अठरा वर्षांपूर्वीची. एकाच शोधनिबंधाचा आधार. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, तपासणी: तपासनीस क्रमांक ३.

तपासनीस क्रमांक तीन म्हणजे बाई.

इथे आमचं काम काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून कळलेलं नाही. माणसाच्या पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो. त्यातलं एखादं अक्षर माणसागणिक वेगळं असतं. बहुतेक फरकांनी काही होत नाही, थोड्यांनी आजार होतात. कुठल्या फरकाने काय होतं हे जगभरचे संशोधक शोधत असतात आणि आपापल्या निबंधांत लिहीत असतात. ते निबंध वाचायचे, त्यातलं खरं-खोटं निवडायचं आणि एकेका फरकाची नोंद साइटवर करायची. मग कुठलाही डॉक्टर, कुठलाही विद्यार्थी साइट उघडतो, अक्षराच्या जागेचा क्रमांक घालतो, आणि समोर उत्तर येतं: घातक, निरुपद्रवी किंवा अजून माहीत नाही. हे सगळं फुकट, आणि म्हणूनच आमच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

साइटवर चाळीस हजारांवर नोंदी आहेत. निम्म्या एकट्या बाईंच्या. सव्वीस वर्षं त्या रोज सकाळी येऊन निबंधांचे प्रिंट काढतात, पेन्सिलने खुणा करतात, आणि संध्याकाळपर्यंत कधी पाच नोंदी होतात, कधी एकही नाही. एकदा एका नोंदीसाठी त्यांनी अकरा दिवस घेतले. संचालक सर चिडले, तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, वाचणारा दहा सेकंदात वाचणार आहे. तेवढ्या भरवशावर तो पुढे काहीतरी करणार आहे.” त्याआधी चार वर्षं त्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होत्या. शाळा सुटली, ‘बाई’ सुटलं नाही.

हेल्पडेस्कही त्यांच्याकडेच. तिथे काय काय येतं ते विचारू नका. बटण सापडत नाही. फाइल उघडत नाही. निबंध उद्या द्यायचा आहे, तुम्हीच निष्कर्ष सांगा. एका महाशयांनी तुमची साइट बंद पडली आहे म्हणून तीन रागीट मेल पाठवले. चौथ्यात त्यांच्या घरचं इंटरनेट बंद होतं असं निघालं, ते कसं पाठवलं देव जाणे. बाईंनी त्यांनाही सविस्तर उत्तर लिहिलं. प्रत्येक उत्तराखाली ‘हेल्पडेस्क’ एवढंच. नोंदीखाली नाव घालायचं नाही, क्रमांक घालायचा, असा पहिल्या संचालकांचा नियम होता. नोंद संस्थेची असते, माणसाची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. शेकडो निबंधांच्या शेवटी आमच्या साइटचे आभार मानलेले असतात. बाईंचं नाव एकातही नाही आणि त्यांनी ते कधी शोधलेलंही नाही. मी शोधलं होतं, म्हणून सांगतो.

आणि मी शून्यराव का, तेही सांगून टाकतो. मी इथला प्रोग्रामर. पहिल्याच आठवड्यात चहा घेताना मी बाईंना मोठ्या तोऱ्यात समजावलं की आमच्यात मोजणी शून्यापासून असते. पहिली वस्तू शून्य क्रमांकाची, दुसरी एक क्रमांकाची.

“घरी भावंडं किती?” बाईंनी विचारलं.

“दोघं. मी धाकटा.”

“म्हणजे तुझ्या हिशोबाने तू पहिला. मोठ्याला सांगितलंयस का हे?”

तेव्हापासून मी शून्यराव. आता आमच्या घरच्यांनाही ते माहीत झालंय.

तर त्या सोमवारी आम्ही मूळ निबंध उघडला. मुख्य तक्त्यात तो बदल नव्हताच. तो होता शेवटच्या पुरवणीत, आणि पुरवणीची लिंक केव्हाच मेलेली. इंटरनेटवर सगळं कायमचं राहतं म्हणतात ते फक्त आपल्या जुन्या फोटोंच्या बाबतीत खरं आहे.

“प्रिंट घरी आहे,” बाई म्हणाल्या आणि उठल्याच.

ऑफिसने आठ वर्षांपूर्वी जुने कागद रद्दीत काढले, तेव्हा बाईंनी आपले सगळे घरी नेले होते. दोन खोल्यांचं त्यांचं घर. पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी, खिडकीखाली खोक्यांवर चादर घालून केलेली बसायची जागा. दार मुलीने उघडलं. ती घरूनच काम करते.

“आई? इतक्या लवकर? बरं नाही का?”

“मी बरी आहे. अठरा वर्षांपूर्वीचं खोकं कुठलं?”

“तुम्ही त्याच्यावर बसताय, दादा,” मुलगी मला म्हणाली. “आमच्याकडे पाहुण्यांना संशोधनाच्या गादीवरच बसवतात.”

खोकं उघडलं. बाईंना पाच मिनिटंही लागली नाहीत. चार पानी पुरवणी, कडा पिवळ्या पडलेल्या. शेवटच्या पानावर तीन ओळींचा एक छोटा तक्ता. पहिल्या दोन ओळींपुढे बाईंच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: ‘अक्षर जुळत नाही. जागा एकाने पुढे हवी. लेखकांना विचारले, त्यांनी मान्य केले.’ तिसऱ्या ओळीपुढे नुसती बरोबरची खूण.

बाईंनी त्या खुणेवर बोट ठेवलं. मग पलंगाच्या कडेवर बसल्या.

“कळलं का तुला?”

मला कळलं होतं. मुख्य तक्ता एकापासून मोजून केलेला होता. पुरवणीतला छोटा तक्ता दुसऱ्या कुणाच्या तरी प्रोग्रामने, म्हणजे माझ्याच जातभाईने, शून्यापासून मोजून काढलेला होता, आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे तिन्ही जागा एकाने मागे सरकलेल्या. पहिल्या दोन ओळींत त्या जागेवर भलतंच अक्षर निघालं, म्हणून बाईंनी त्या पकडल्या. तिसऱ्या ओळीत मात्र खरी जागा आणि तिच्या मागची जागा, दोन्हीकडे योगायोगाने एकच अक्षर होतं. ते जुळलं. बाईंनी खूण केली.

हा मजकूर पेशी तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचते. खरी जागा एका शब्दाचं पहिलं अक्षर होती, तिथे बदल झाला तर शब्दाचा अर्थच बदलतो. मागची जागा आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर होती. तिथे बदल झाला तरी त्या शब्दाचा अर्थ तोच राहतो, काहीही बिघडत नाही. म्हणजे अठरा वर्षं आम्ही एका निरुपद्रवी अक्षराला घातक म्हणत होतो. खरी जागा पुढे दुसऱ्या एका निबंधावरून बाईंनीच नोंदवली होती, तेवढं नशीब. शेजारी शेजारी दोन ‘घातक’ उभे होते आणि कुणालाही काही वाटलं नाही. मी लिहिलेला तपासणीचा प्रोग्राम दर रविवारी सगळ्या नोंदींची अक्षरं जुळवून बघतो. त्याने त्या नोंदीला नऊ वर्षं हिरवी खूण दिली होती.

“बाई, ह्यात तुमचा काय दोष? तक्ता त्यांचा चुकलेला. अक्षर जुळत होतं.”

“तीनपैकी दोन ओळी एकाने सरकलेल्या आहेत हे मला दिसलं होतं. मग तिसरीबद्दल का नाही विचारलं मी?”

मुलीने मागून कागद बघितला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती.

“आई, ही तारीख... माझं अपेंडिक्स फुटलं होतं तो आठवडा ना हा? तू इस्पितळातून ऑफिसला जात होतीस. तू तीन रात्री झोपली नव्हतीस.”

“ते कुणाला सांगायचं नाही,” बाई म्हणाल्या.

“अगं, पण तेच तर कारण...”

“त्या मुलीला काय करायचंय तुझ्या अपेंडिक्सशी?” बाईंचा आवाज चढला. मी तो नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “शून्यराव, तुलाही सांगते. हे ह्या खोलीबाहेर जाता कामा नये.”

मी त्या वेळी मान डोलावली. इतकं मोठं कारण हाताशी असताना ते न वापरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी असतो तर ते साइटच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात छापलं असतं.

बाईंनी तिथूनच, त्या खोक्यांच्या मध्ये उभं राहून, डॉक्टरला फोन लावला. मी फोन ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, निदान ‘बहुधा’ म्हणा, ‘असं वाटतं’ म्हणा.

“डॉक्टर, तुमचा सकाळचा मेल. नोंद चुकीची आहे. चूक माझी आहे. गुरुवारची शस्त्रक्रिया थांबवा. आणि माझ्या आत्ताच्या शब्दावरही जाऊ नका, कागद पाठवते, स्वतः मोजा. पुरवणीतला तक्ता शून्यापासून मोजलेला आहे, तुम्ही एकापासून मोजा.”

मंगळवारी सकाळी आम्ही संचालक सरांच्या केबिनमध्ये होतो. सर वाईट नाहीत. फक्त त्या आठवड्यात त्यांची झोप उडालेली होती, कारण बुधवारी पाहणी समिती येणार होती. आमची साइट चालू ठेवायची की एका मोठ्या साइटमध्ये मिसळून टाकायची, हे ती समिती ठरवणार होती. बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटले.

“रुग्णाचं काय?”

“थांबवलंय.”

“मग झालं तर. बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. दर तीन महिन्यांनी आपली नवी आवृत्ती निघते, त्यात आपण चारशे नोंदी बदलतो. ही चारशे एकावी. दुरुस्त करून टाका. कुणाला कळणारही नाही.”

“कुणाला कळणार नाही हेच नको आहे, सर. ज्यांनी जुनी नोंद घेऊन ठेवलीय त्यांना कसं कळणार?”

“बाई, महिनाभरात तुम्ही निवृत्त होताय. सव्वीस वर्षांच्या कामावर ह्या एका ओळीने बोळा फिरवायचाय का तुम्हाला? लोक वीस हजार नोंदी विसरतील आणि ही एक लक्षात ठेवतील.”

“ठेवू देत.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी बाईंना काही सांगू शकणार होतो.

“बरं. सूचना लावा,” ते शेवटी म्हणाले. “पण नियमाप्रमाणे. ‘तपासनीस क्रमांक तीन यांच्याकडून’ एवढंच.”

“नाही सर. माझं नाव घालायचं, आणि फोन नंबर.”

“अहो, कशाला? नियम आहे आपला.”

“बरोबर नोंदींसाठी आहे तो नियम. ज्याचं नुकसान झालंय त्याला जाब विचारायला माणूस लागतो. क्रमांकाला कोण जाब विचारणार?”

सरांनी टेबलावरचे कागद एकत्र केले. मग म्हणाले, “समितीला मीच सांगतो. त्यांनी साइटवर वाचण्यापेक्षा बरं.” ह्या माणसाला मी नऊ वर्षं जरा कमीच मोजत होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

बुधवारी सूचना लागली. जुनी नोंद पुसायची नाही, असं बाईंनी मला बजावलं. तिच्यावर रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. खाली कारण, तारीख आणि बाईंचं पूर्ण नाव. मी ते टाइप केलं आणि एकेक अक्षर दोनदा तपासलं. वीस हजार बरोबर नोंदींच्या खाली जे नाव कधी आलं नाही, ते पहिल्यांदा आलं ते चुकीच्या खाली. समितीच्या एका सभासदाने ते पान उघडून वाचलं, मान हलवली आणि पुढच्या विषयाकडे वळला. साइटला आणखी दोन वर्षं मिळाली. ह्या पानामुळे की त्याच्याशिवाय, ते त्यांनाच ठाऊक.

गुरुवारी दुपारी डॉक्टरचा मेल आला. त्याने स्वतः मोजलं होतं, सहकाऱ्याकडून मोजून घेतलं होतं, निबंधाच्या लेखकांनाही गाठलं होतं. बाईंचं बरोबर होतं. ‘सगळं समजून घेऊन ती आज घरी गेली,’ त्याने लिहिलं होतं. ‘आत्या न्यायला आली होती.’ बाईंनी मेल दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “चला, कामाला लागू या.”

मला वाटलं होतं काम संपलं. पण ती नोंद अठरा वर्षांत आणखी कुणाकुणाकडे गेली असेल, हे बाईंच्या डोक्यातून जात नव्हतं. साइट कोण बघतं त्याची नोंद आम्ही करत नाही, तेव्हा शोधायचं कसं? बाईंनी हेल्पडेस्कचे अठरा वर्षांचे मेल उपसले. त्या जनुकाबद्दल काही बदललं तर मेलने कळवा, असं ज्यांनी साइटवर सांगून ठेवलं होतं त्यांची यादी मी काढली. ज्या निबंधांत त्या नोंदीचा उल्लेख होता ते बाईंनी वेचले. मिळून त्रेसष्ट पत्ते झाले.

“एका बटणात सगळ्यांना जाईल,” मी म्हणालो.

“जाईल, आणि एका बटणात सगळे उडवतील,” बाई म्हणाल्या.

त्यांनी त्रेसष्ट वेगवेगळे मेल लिहिले. तुम्ही अमुक साली आम्हाला हे विचारलं होतं, आम्ही हे उत्तर दिलं होतं, ते चुकीचं होतं. कुणा रुग्णासाठी वापरलं का? कळवा. निवृत्तीच्या आधीचे तीन आठवडे, ज्यात लोक ड्रॉवर आवरतात आणि गप्पा मारत हिंडतात, बाई उत्तरांची वाट बघत आणि यादीवर खुणा करत बसल्या. ज्यांचं उत्तर येईना त्यांना फोन केले. काही पत्ते बंद झाले होते. काही माणसं नोकरी सोडून गेली होती, दोघं तर जगच सोडून गेले होते. बाई त्यांच्या जागी आलेल्यांना गाठत. चिवटपणा म्हणजे काय हे मला तोवर फक्त शब्दाने माहीत होतं.

बहुतेकांनी वापरलं नव्हतं. काहींनी नुसत्या प्रयोगशाळेत वापरलं होतं, एकाने तर अजून प्रयोगच सुरू केला नव्हता आणि त्याला त्याचा भलताच आनंद झालेला. बासष्ट खुणा झाल्या. शेवटच्या आठवड्यात त्रेसष्टावं उत्तर आलं. एका वयस्क डॉक्टरीणबाईंचं होतं. मेल चार ओळींचा. अकरा वर्षांपूर्वी त्या नोंदीवर भरवसा ठेवून त्यांनी एका सत्तावीस वर्षांच्या बाईची शस्त्रक्रिया करवली होती. ती आता अडतीस वर्षांची आहे. तब्येत चांगली आहे. तिला मूल नाही. ‘तिला सांगावं की नाही, मला कळत नाही,’ असं शेवटी लिहिलं होतं.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. मी खोलीत जा-ये करत राहिलो, उगाच. अकरा वर्षं तिला माहीत नव्हतं, आता कळून तिच्या हाती काय लागणार, असं मला वाटत होतं, आणि मी ते बोललोही.

“तिच्या शरीराचं आहे ते,” बाई म्हणाल्या. “माझ्या सोयीने तिने अंधारात राहायचं का?”

त्यांनी डॉक्टरीणबाईंना लिहिलं: सांगा. तुमच्या पद्धतीने, तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा सांगा. तिला विचारायचं असेल तर माझा नंबर द्या.

फोन आला तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पावणेचार वाजता. चारला मीटिंगच्या खोलीत बाईंचा निरोपाचा चहा होता. पुष्पगुच्छ आणून ठेवला होता. सरांनी भाषण लिहून खिशात घातलं होतं. मी बाईंना बोलवायलाच आलो होतो, आणि फोन वाजला.

मला फक्त बाईंचं बोलणं ऐकू येत होतं.

“हो, मीच बोलतेय.”

“हो. अठरा वर्षांपूर्वी.”

“नाही, कॉम्प्युटरची नाही. माझीच.”

“नाही, तसं काही कारण नव्हतं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.”

मी तिथे उभा होतो. अपेंडिक्सची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. ती त्या फोनमध्ये ओरडून सांगावी असं वाटलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बसलो.

मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. चार वाजून गेले. सव्वाचारला सर दाराशी आले. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांना फोन कुणाचा ते कळलं असावं. ते परत गेले, आणि थोड्या वेळाने मीटिंगच्या खोलीतून माणसं एकेक करून, पाय न वाजवता, बाहेर पडताना दिसली. चहा तसाच राहिला.

“आहे,” बाई फोनवर म्हणाल्या. “एक मुलगी आहे.”

बाईंनी फोन कानाशी धरलेला होता आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

फोन संपला तेव्हा पाच वाजायला आले होते.

“तुम्हाला मुलं आहेत का, असं विचारलं तिने,” बाई म्हणाल्या. “नाही कसं म्हणणार?”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. पण तिने फोन ठेवला नाही. मग मलाही ठेवता येईना.” त्यांनी आता गाल पुसले. “परत बोलावंसं वाटलं तर काय करू, म्हणाली. मी म्हटलं, उद्यापासून मी इथे नसते. घरचा नंबर दिलाय.”

भाषण झालं नाही. सरांनी पुष्पगुच्छ स्वतः बाईंच्या हातात दिला आणि खाली रस्त्यापर्यंत त्यांना सोडायला आले. तिथे त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला. पदाने ते मोठे आहेत, पण केला.

चार महिन्यांनी हेल्पडेस्कला एक किचकट मेल आला. मला तो सुटेना. प्रिंट घेऊन मी दुपारीच बाईंच्या घरी गेलो. दार मुलीने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“दादा, थोडं थांबावं लागेल. मंगळवार आहे ना.”

“मंगळवारी काय?”

“तिचा फोन असतो. चार वाजता. दर मंगळवारी करते.” मुलीने आवाज आणखी खाली आणला. “आई त्या वेळी कुठेच जात नाही. मागे डॉक्टरांनी मंगळवारची वेळ दिली होती, तीही बदलून घेतली.”

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाई पलंगावर बसल्या होत्या, फोन कानाशी.

“काय बोलतात दोघी?” मी हळूच विचारलं.

“आई फारसं बोलत नाही,” मुलगी म्हणाली. “ऐकते.”

मी चपला काढल्या, हातातले कागद मांडीवर ठेवले आणि खिडकीखालच्या जागेवर आवाज न करता बसून राहिलो.